‘ब्लडी’ची बदनामी

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत ‘ब्लडी’ हा शब्द ‘बाय अवर लेडी’ या मेरीमातेच्या शपथेचा अपभ्रंश असल्याचे ठासून छापले आहे. व्युत्पत्ती झकास आहे, पण भाषातज्ज्ञ ती मानत नाहीत. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या खानदानी, दंगेखोर तरुणांना ‘ब्लड’ म्हणत. त्यांच्यासारखा पिऊन तर्र झालेला तो ‘ब्लडी ड्रंक’, हा उलगडा त्यातल्या त्यात पटतो. १६७६च्या जॉर्ज इथरेजच्या नाटकात नेमका हाच शब्दप्रयोग सापडतो.

तेव्हा त्यात कुणाला वावगे वाटत नसे. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट तर धर्मगुरू. त्यानेही १७११ साली एका खासगी पत्रात, आज चालताना ‘ब्लडी’ उकडत होते, असे बिनदिक्कत लिहिले. पुढे शब्द कष्टकऱ्यांच्या तोंडी बसला आणि पांढरपेशांनी त्याला वाळीत टाकले. १८८७ मध्ये गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या ‘रडीगोर’ या विनोदी संगीतिकेचे नुसते नाव ‘ब्लडी’च्या जवळ जाते म्हणून ओरड झाली आणि स्पेलिंगमधले एक अक्षर बदलावे लागले!

खरी गंमत एप्रिल १९१४ची. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाचा लंडनमध्ये प्रयोग. (पुलंच्या ‘ती फुलराणी’मुळे गोष्ट आपल्या घरातलीच.) उच्चभ्रूंच्या चहापानात एलायझा या फुलवालीला विचारतात, बागेतून चालत जाणार का? ती घोटून घेतलेल्या शुद्ध उच्चारात सांगते, ‘नॉट ब्लडी लाइकली’, मी टॅक्सीने जाणार. प्रेक्षागृहात हशा थांबेना. शॉची खोच पुढे आहे. क्लारा नावाच्या मुलीला ही नवी फॅशनच वाटते आणि निघताना तीही तो शब्द ठोकून देते. उच्चार साहेबी असला की शिवीही खपते! याच नाटकावरच्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेच्या वेळेपर्यंत या शब्दातला दंश इतका गेला होता की तिथे दुसरी शिवी शोधावी लागली.

आपल्याकडे काय वेगळे आहे? आमच्या सोसायटीतले एक निवृत्त साहेब पाण्याचा टँकर उशिरा आला की नातवंडांदेखत ‘ब्लडी फूल’ म्हणून मोकळे होतात. टँकरवाल्याने मराठीत दिलेले उत्तर मात्र त्यांनी थेट सोसायटीच्या मासिक सभेत तक्रार म्हणून मांडले.

पुढच्या रविवारी मेरीमातेपुरती दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)