नाव न विचारलेल्यांचे आभार

आमवातामुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे, माझे घराबाहेर पडणे आता जवळजवळ थांबले आहे. मात्र ज्यांच्या भरवशावर मी दुखऱ्या गुडघ्यांनिशी पुणे हिंडले, त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते येथे जाहीरपणे मानते.

पहिला मान महात्मा फुले मंडईतील भाजीवाल्या मावशींचा. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या दगडी इमारतीत, बोटे आखडल्यामुळे मला पाकिटातील सुटे पैसे काढता येईनात, तेव्हा मागे गिऱ्हाइके खोळंबलेली असतानाही त्यांनी घाई केली नाही; उलट रिकाम्या पोत्याची घडी करून मला ओट्याच्या कडेला बसवले, भाजी स्वतः पिशवीत भरली आणि वर ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. (पुण्यात गिऱ्हाइकाला कोणी ‘बसा’ म्हणत नाही, असे सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

पर्वतीच्या पायऱ्यांवर माझ्यासाठी वारंवार थांबणाऱ्या आणि आपण खालचे शहर पाहायलाच थांबलो आहोत असे भासवणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींची, तसेच मी नीट बसेपर्यंत घंटीची दोरी न ओढणाऱ्या स्वारगेटच्या बसमधील वाहकांचीही मी ऋणी आहे. पलंगावरून खिडकीपर्यंत जाणेही जड होते त्या दिवसांत मी मनाने मंडईतून तुळशीबागेत जाते, ती याच माणसांच्या सोबतीने.

आता औषधे घरपोच आणून देणारा मुलगा दाराशी यायला मला लागणारा वेळ ओळखून एकदाच बेल वाजवतो व थांबतो. त्यालाही मनःपूर्वक धन्यवाद.