उजव्या पायाबद्दल आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभाराचं पत्र म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडणार, हे धरूनच लिहायला बसले आहे. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. स्पोर्ट बाइकवर व्हीली, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलून चालवणं, शिकायला निघालेल्या पोरापोरींना जे कानीकपाळी ओरडून सांगायला हवं, ते तुम्ही मला सगळ्यात आधी सांगितलंत. चाक वर कसं न्यायचं हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. उजव्या पायाविषयी बोलणारं माणूस मला तुमच्याआधी भेटलं नव्हतं.

पहिल्या भेटीत तुम्ही मला गाडी चालूसुद्धा करू दिली नाहीत. स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसवलंत आणि स्वतः खाली उकिडव्या बसून माझ्या बुटाकडे बघत राहिलात. स्पोर्ट बाइकचे फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) मागे आणि उंचावर असतात. गुडघा दुमडलेला, टाच उचललेली. अशा बैठकीत मागच्या ब्रेकचं पेडल आपल्या पायाच्या मापाचं नसेल, तर ते दाबायला अख्खा पाय पेगवरून उचलावा लागतो. तुम्ही पाना घेऊन पेडलचा लॉकनट सैल केलात, पेडलची उंची ठरवणारा पुशरॉड जरासा फिरवलात, मला पाय ठेवायला लावलात, पुन्हा फिरवलात. पेडल बुटाच्या तळव्याला नुसतं लागलं पाहिजे, दबता कामा नये, आणि दाबायला घोट्याची हालचाल पुरली पाहिजे, एवढंच बोललात. मग मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक धरत नाही ना ते पाहिलंत. ब्रेकलाइट उगाच पेटत नाही ना तेही पाहिलंत. मी मनात म्हणत होते, आपण व्हीली शिकायला आलोय की गाडी सर्व्हिसिंगला टाकायला?

त्याचं उत्तर तुम्ही टाकीवर बोटाने रेघा ओढून दिलंत. मागचं चाक गाडीला पुढे ढकलतं तो जोर लागतो जमिनीलगत. गाडीचं आणि आपलं मिळून वजनाचं केंद्र मात्र बरंच वर, टाकीच्या खालच्या अंगाला कुठेतरी. ढकलणारा जोर खाली आणि वजन वर, म्हणून गाडीचं नाक उचलतं. मागचा ब्रेक दाबला की तोच जोर उलटा होतो आणि नाक खाली येतं. हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. वरून आपल्या गाड्यांची ठेवण अशी, की दोन चाकांच्या आसांमधलं अंतर कमी (२०१५ नंतरच्या यामाहा आर-१ मध्ये ते १,४०५ मिलिमीटर आहे), हँडल खाली, त्यामुळे बसणारा पुढे झुकलेला. वजन पुढच्या चाकावर असल्यामुळे ते आधी उठता उठत नाही, आणि उठलं की भराभर उठतं. जसजसं नाक वर जातं तसतसं वजनाचं केंद्र मागे सरकतं आणि तेवढंच नाक धरून ठेवायला जोर कमी कमी लागतो. बॅलन्स पॉइंटला, म्हणजे गाडी मागच्या चाकावर तोलून राहते तिथे, तो जवळजवळ लागतच नाही. त्याच्याही मागे गेलं तर थ्रॉटल सोडून भागेलच असं नाही, आणि घाबरून क्लच ओढला तर इंजिनाचा ब्रेकही गेला. उरतो तो उजवा पाय.

तो पाय तयार व्हावा म्हणून तुम्ही जे करून घेतलंत, ते त्या वेळी मला भयंकर कंटाळवाणं वाटलं होतं. दोन्ही चाकं जमिनीवर, पहिला गिअर, थ्रॉटल स्थिर, आणि मागचा ब्रेक हलकेच दाबायचा, सोडायचा. फेऱ्यांवर फेऱ्या. पुढे चाक उचलायची परवानगी मिळाली तीही वीतभरच, आणि त्यातही खाली आणायचं ते ब्रेकनेच. थ्रॉटल सोडून खाली आणलं की तुम्ही लांबूनच हात आडवा हलवायचात. ही फेरी धरली नाही! टायर टेकल्याचा आवाज आला तर नापास, कळलंच नाही तर पास. त्या आवाजामागचं कारण तुम्ही पुढच्या शॉकअपची गळणारी ऑइल सील दाखवून समजावलंत. नाक धाडकन आपटलं की शॉकअप तळाला लागतात, सील जातात, कोनसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये) खड्डे पडतात. म्हणून टेकताना थ्रॉटल किंचित चालू, चाक सरळ, हाताची कोपरं सैल. चाक तिरकं टेकलं तर हँडल डावी-उजवीकडे झटके मारायला लागतं, आणि तेव्हा ते घट्ट आवळून धरलं तर बात आणखी बिघडते.

क्लचचा धडा त्यानंतरचा. माझी सहाशे सीसी चार सिलिंडरची गाडी खालच्या आरपीएमला (इंजिनाचे फेरे कमी असताना) मंद असते, नुसत्या थ्रॉटलवर नाक वीतभराच्या वर उचलत नाही. दोन बोटांनी क्लच जेमतेम घसरेल इतकाच ओढायचा, आरपीएम चढू द्यायचे आणि झटका न देता सोडायचा. हे शिकायला फार वेळ लागलाच नाही. लोक मात्र सुरुवात इथूनच करतात आणि ब्रेकचं नंतर बघू म्हणतात. माझ्या मते हे साफ उलटं आहे.

हवेत असताना गाडी एका बाजूला कलली तर हँडल फिरवून काही होत नाही, पुढचं चाक जमिनीवर असेल तरच ते वळवणार ना! तिथे खांदे, गुडघे आणि पेगवरचा दाब कामाला येतो. हे तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा तुमच्या मागून गाडी चालवत बघून जास्त कळलं.

बाकीच्या तुमच्या अटी सांगायच्या तर एक वही भरेल. रस्त्यावर कधीच नाही, कारण रस्त्यावरच्या माणसांनी आपल्या शिकण्यात भाग घ्यायचं कबूल केलेलं नसतं. एकटीने कधीच नाही. लेदर सूट, पाठीचा प्रोटेक्टर, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट यांपैकी काहीही कमी असेल तर आल्या पावली परत. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कारण नाक फार वेळ वर राहिलं की तेल मागे साचतं आणि पंप हवा ओढायला लागला तर बेअरिंगं गेलीच समजा. पुढचं चाक उचलू न देणारं व्हीली कंट्रोल आणि मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायला शिकवलंत, पण तेही चाक वीतभराच्या वर न्यायची वेळ आल्यावर. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला की थांबायचं. पुढचं चाक हवेत मंदावतं, मागचं पळत असतं, ही तफावत सेन्सरला बिघाड वाटते. इग्निशन बंद-चालू करून, ब्रेक तपासूनच पुढची फेरी.

मी एकदा चिडून म्हणाले होते की एवढ्या सावकाश शिकून कुणी मोठा स्टंटर झालाय का. तुम्ही यासुयुकी कुडोचं नाव घेतलंत. १९९१ मध्ये जपानमध्ये त्याने एका चाकावर ३३१ किलोमीटर गाडी नेली, आणि ती कुठली राक्षसी सुपरबाइक नव्हती, होंडाची टीएलएम २२० आर ही हलकी ट्रायल्स बाइक (खडकाळ अडथळ्यांवरून तोल सांभाळत न्यायची गाडी) होती. तितका वेळ नाक एका उंचीवर ठेवायला ताकद लागत नाही, बारीक बारीक दुरुस्त्या लागतात, असं तुम्ही म्हणालात. वेगाचंही उदाहरण होतंच तुमच्याकडे. पॅट्रिक फर्स्टनहॉफने १९९९ मध्ये टर्बो लावलेल्या होंडा ब्लॅकबर्डवर एका चाकावर ताशी ३०७.८६ किलोमीटर गाठले. ते मात्र मला सांगून लगेच म्हणालात, हे विसर. (विसरले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.)

एका बाबतीत तुमचं मला अजून पटलेलं नाही. गाडी मागे उलटू नये म्हणून शेपटीखाली लावायच्या त्या लोखंडी बारला तुमचा विरोध आहे, बार असला की पाय आळशी होतो म्हणता. माझं म्हणणं असं, की ज्यांना तुमच्यासारखं कुणी मिळालेलं नाही त्यांनी बार लावावा आणि पायही शिकवावा. भांडण पुढे चालू ठेवू.

आता ज्या दिवसासाठी हे पत्र आहे तो. मोठी सपाट काँक्रीटची जागा, नेहमीचीच. नाक ओळखीच्या उंचीवर होतं, आणि काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या सांध्याने मागच्या चाकाला ठोकर दिली. डॅशच्या वर एरवी जमिनीची एक पट्टी दिसत राहते, तीच माझी खूण होती. ती पट्टी दिसेनाशी झाली. घाबरायला सवड मिळाली नाही, कारण तोवर नाक खाली यायला लागलेलं होतं आणि माझा घोटा दाबलेला होता. मी ठरवून काही केलेलं नव्हतं. थ्रॉटल किंचित उघडा, चाक सरळ, आवाज बेताचाच. तुम्ही धावत आलात आणि मला लागलंय का हे विचारायच्या आधी वाकून पुढच्या रिमला कुठे पोचा आलाय का ते पाहिलंत. मग माझ्याकडे बघून म्हणालात, ‘पास.’

त्या पायाबद्दल आभार, ताई. कुणासाठी इतका कंटाळा सोसणं सोपं नसतं, आणि तुम्ही तो माझ्या बरोबरीने सोसलात. दरवेळी उन्हात उभ्या राहून.

पुढच्या वेळी दुसरा गिअर, असं म्हणाला होतात. मागचे पॅड बदलले आहेत, ब्रेकचं फ्लुइड नवं भरलंय, चेन मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला लावली आहे. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे आले होते, तीही बदलली. तेव्हा या शनिवारी निदान त्या कारणावरून तरी परत पाठवू नका. दुसऱ्या गिअरला सुरुवात किती वेगावर करायची ते आधीच कळवलंत तर बरं होईल, म्हणजे रात्री झोप लागेल.

तुमची,
विद्यार्थिनी