पेटीवाल्या काकांना, माईंच्या घरून

काका, स. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण आमच्याकडे तुम्ही कायम ‘पेटीवाले काका’च. माझ्या फोनमध्येही तसंच आहे, म्हणून इथेही तसंच लिहिते. माई, माझ्या सासूबाई, गेल्या त्या दिवशी तुम्ही कळव्याहून आलात, दाराशीच थोडे बसलात आणि निघालात. माणसांच्या गर्दीत बोलणं झालं नाही. आणि माईंच्या पेटीसाठी, त्यांच्या हार्मोनियमसाठी, तुम्ही जे केलंत ते आमच्या भजनी मंडळातल्याही फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं पत्र.

माई 95 वर्षं जगल्या. जन्म 1929चा, दापोलीकडचा. वडील गावच्या देवळात कीर्तनाला पेटीची साथ करायचे. पोरीनं पेटीला हात लावलेला त्यांच्या आजीला खपायचा नाही. मग आजी दुपारी लवंडली की ही पोर भाता न मारता नुसत्या पट्ट्यांवर बोटं फिरवायची. आवाज नाही, काही नाही. हे त्यांनी मला गवार मोडता मोडता सांगितलं होतं, त्यात विशेष ते काय अशा थाटात. मला विचाराल तर त्यांचा निम्मा स्वभाव त्यात आला.

1948 साली लग्न होऊन नौपाड्यात आल्या आणि शेवटपर्यंत नौपाडा सोडला नाही. चाळ पडली, तिथेच बिल्डिंग झाली, माई तिथेच. पेटी घरात आली ती 1965च्या दिवाळीत. माझे सासरे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते, बोनस झाला होता. साड्या नकोत, पेटी आणा, असं माईंनी सांगितलं. आली तीही कुणाची तरी वापरलेलीच, दोन सुरांची, खर्ज आणि नर. सूर म्हणजे पेटीच्या आत वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, त्यांचे हे दोन संच, एक खालच्या आवाजाचा, एक मधल्या.

त्या काळात आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. 1940 साली घातलेली बंदी 1971मध्ये कुठे सैल व्हायला लागली. पेटीवर मींड निघत नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, मिळत नाहीत, हा आक्षेप. यावरून तुमचं आणि माईंचं दर खेपेला वाजायचं ते मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. गंमत म्हणजे जन्मभर पेट्या दुरुस्त करणारे तुम्ही म्हणायचात, “माई, आक्षेप खोटा नाही.” आणि माई म्हणायच्या, “नसेल खोटा. पण तंबोरा जुळवत बसायला बायकांना वेळ कोण देतं? कुकर लावून यायचं, झाकण उघडायचं नि गायचं. पेटी नसती तर आमच्या मंडळातली एक बाई गायला बसली नसती.” यावर तुमच्याकडे उत्तर नसायचं. निदान मी तरी कधी ऐकलं नाही.

मंडळ त्यांनी सासरे गेल्यावर उभं केलं. शनिवारी संध्याकाळी, आधी हरिपाठ, मग रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत सगळं रीतसर. देवाधर्माचं त्या फार मनापासून करायच्या, पण सोवळ्याओवळ्याचं अवडंबर नव्हतं. भांडी घासायला येणारी बाई गळ्यानं सगळ्यांपेक्षा तयार निघाली, तर मधल्या अभंगांची सुरुवात तिच्याकडे. दोघीतिघींनी नाकं मुरडली, त्यांना माईंनी टाळ दिले. आरतीच्या ताटात जमणारी चिल्लर वर्षभर साठवून जूनमध्ये वॉचमनच्या मुलांच्या वह्यापुस्तकांना जायची, आणि हिशेब मंडळाच्या वहीत पैशापैशाचा. मराठी ग्रंथसंग्रहालय, 1893 सालापासूनचं आपल्या ठाण्याचं वाचनालय, तिथून ज्या बायकांना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं आणून पोचवायची हेही एक काम. कुणाला काय आवडेल हे त्या ठरवायच्या, त्यामुळे काहींना आवडत नसतानाही चरित्रं वाचावी लागली. 26 जुलै 2005च्या रात्री पावसात अडकलेल्या किती जणांनी आमच्याकडे पिठलंभात खाल्ला कुणास ठाऊक. कौपिनेश्वराच्या पालखीबरोबर निघणाऱ्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत मंडळ टाळ घेऊन चालायचं, पुढे पुढे माई टेम्पोत बसून. गायक राम मराठ्यांना त्यांनी समोर बसून ऐकलं होतं. आणि साठी उलटल्यावर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसल्या, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, हातात हॉलतिकीट. मध्यमा पूर्णपर्यंत गेल्या.

आता तुमच्याकडे येते.

माईंचा आवाज वयाबरोबर खाली आला. काळी पाचमध्ये, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणारी बाई काळी चारवर आली, ते निभलं. नव्वदीनंतर मात्र त्याहून तीन पट्ट्या खालच्या पांढरी चारच्या वर दम पुरेना. पण बोटं काळी चारची. इतक्या वर्षांची सवय, त्यात संधिवात. पांढरी चारवरून वाजवायला गेल्या की बोट भलतीकडे पडायचं आणि चिडून पेटी बंद करायच्या. घरात आम्ही काय केलं? मुलानं श्रुतीचं, म्हणजे सतत सूर धरून ठेवणारं, मशीन आणलं. नातीनं फोनवर तानपुरा लावून दिला. शेजारून सल्ला आला की आता वाजवणं राहू दे, नुसत्या टाळ्या वाजवा. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्यानं तर माझ्याकडे बघून हळूच सांगितलं की या वयात खर्च कशाला करता, आजींना काय कळतंय. आजींना कळलं. त्याला चहा न देता परत पाठवला.

तुम्ही तसं काही बोलला नाहीत. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी, घ्या म्हणालात, ते माईंनी उडवून लावलं. मग तुम्ही त्यांना वाजवायला सांगितलंत, काही न बोलता ऐकत राहिलात, आणि म्हणालात, “बोटं तिथेच राहू देत. सूर आपण सरकवू.” पेटी घेऊन गेलात. सगळे सूर काढून, ते ज्या खाचांत बसतात त्यातली तीन-तीन घरं वर चढवलेत. सूर सगळे एका मापाचे नसतात, त्यामुळे जिथे बसेना तिथे घर कोरून घ्यावं लागलं, हे तुम्ही नंतर दाखवलंत. खालच्या टोकाला रिकाम्या झालेल्या जागी नवे खर्जाचे सूर घातलेत, मग एकेक घासून मिळवलात. भात्याची स्प्रिंग हलकी केलीत, म्हणजे डाव्या हाताला त्रास नको. वरच्या टोकाचे उरलेले सूर कागदाच्या पुडीत बांधून परत दिलेत. “हे तुमचे आहेत,” म्हणालात.

पेटी आली. माईंनी काळी चार दाबली आणि पांढरी चार वाजली. त्या हसायलाच लागल्या. मग सलग वाजवत राहिल्या, जेवण गार झालं. गंधार, म्हणजे ‘ग’, किंचित चढा आहे म्हणून तुमच्याशी वाद घातला. तुम्ही परत उघडून तो उतरवलात, आणि मला खालच्या आवाजात म्हणालात, “बरोबर आहे त्यांचं. चढाच होता.” काका, तुमच्या या वाक्यासाठी मला खरं तर हे पत्र लिहायचं होतं. त्या वेळी घरात सगळे त्यांना जपत होतो, औषधं, चष्मा, काठी. त्यांचं म्हणणं तपासून बरोबर आहे असं सांगणारे तुम्ही एकटे होतात. त्या दिवसापासून मीही त्यांच्याशी पुन्हा वाद घालायला लागले, मिठावरून आणि मोदकांच्या पारीवरून. बरं वाटलं दोघींना.

बाकी त्या पेटीनं मंडळात गोंधळ घातला तो वेगळाच. दुसरं कुणी वाजवायला बसलं की काळी एक दाबावी तर भलताच सूर. तबलेवाल्या काकूंनी मोठ्या तोंडाचा तबला आणला तेव्हा जमलं. लॉकडाऊनमध्ये एक सूर अडकून सारखा वाजत राहिला, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला झाकण उघडायला लावलंत. “घाबरू नका, पट्टी उचला, खाली काय दिसतंय?” खाली अगरबत्तीच्या काडीचा तुकडा होता. माई शेजारी बसून हुकूम सोडत होत्या.

शेवटपर्यंत, म्हणजे जाण्याच्या आधीच्या शनिवारपर्यंत, त्या त्याच पेटीवर वाजवत होत्या. एकच अभंग, मधूनमधून थांबत, पण काळी चारवरून.

पेटी आता मंडळाकडे राहील. वाजवायला सोसायटीतली आठवीतली मुलगी बसते. सूर पूर्ववत करून घ्यावेत असं काहींचं मत पडलं. त्या मुलीचा आवाज चढा आहे, म्हणून मलाही ते पटतं. पुडी माझ्या कपाटात आहे, सगळे सूर मोजून ठेवलेत. नवरात्राच्या आधी जमवा. त्या कामाचे पैसे तेव्हा माईंनी दिले आणि तुम्ही निम्मे परत केलेत हे मला नंतर वहीत दिसलं, तर या खेपेला तसलं काही चालणार नाही. आणि दुपारचं जेवण आमच्याकडे, काकूंनाही घेऊन या.

तुमची,
माईंची थोरली सून
नौपाडा, ठाणे