बाबा, आधी तुमची वही उघडून बघू

पुणे, गुरुवार रात्र

ति. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘हं, बघू’ म्हणता आणि फोन आईकडे देता. कागदावर आलेलं मात्र नीट वाचता, फायलीला लावता आणि वर्षभराने तारखेसकट माझ्यापुढे धरता. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे, तुमच्या नव्या लॅपटॉपसाठी ‘१४ इंचीच घ्या’ हा दोन आठवड्यांचा माझा हट्ट मी मागे घेते. तुम्ही १५.६ इंची म्हणत होता, तेच बरोबर. (हे वाक्य फायलीत राहणार, माहीत आहे.)

माझं काय झालं होतं ते सांगते. पहिल्या पगारातून मी तो रंगीत दिव्यांचा मोठा गेमिंग लॅपटॉप घेतला होता ना, त्याचं वजन जवळजवळ अडीच किलो, वर चार्जरची वीट वेगळी. गेम एकही खेळले नाही. स्वारगेट ते सांगली एस.टी.त तो मांडीवर घेऊन किती खेपा केल्या देव जाणे. नंतरचा १४ इंची, १.४ किलोचा घेतला तेव्हा कुठे खांदा सुटला. तो खांद्याचा राग मी तुमच्यावर काढत होते. तुम्हाला कुठे एस.टी. पकडायची आहे?

रविवारी आईने फोटो पाठवला. दादाच्या छोट्या लॅपटॉपवर तुम्ही शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब करताय, नाक पडद्याला टेकायचं बाकी आहे. आणि उजवा हात टेबलावर मोकळ्या जागेत, लॅपटॉपच्या बाहेर. त्या हाताकडे मी बराच वेळ बघत होते. तुमची बोटं कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची पट्टी शोधत होती! मार्केट यार्डात अडत दुकानाच्या गादीवर इतकी वर्षं कॅल्क्युलेटर न बघता चालवलेला हात तो, त्याला वरच्या ओळीतले आकडे एकेक करून टिपायला लावणं म्हणजे छळ आहे. १४ इंचीत ती पट्टी सहसा नसतेच. १५.६ इंचीत बहुतेकांना असते, पण सगळ्यांना नाही. काही कंपन्या तिथे जागा मोकळी सोडतात, तेव्हा झाकण उघडून बघायचं.

पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं धरतात. तुमच्या फूटपट्टीच्या हिशेबात सांगायचं तर नेहमीच्या लांबट आकाराचा १४ इंची पडदा साधारण ३१ सेंटिमीटर रुंद, १५.६ इंची साडेचौतीस. फरक साडेतीन सेंटिमीटरांचा, पण दोन्हींत ठिपके बहुधा तेवढेच असतात, १९२० गुणिले १०८०. म्हणजे तेच अक्षर लहान पडद्यावर दहाव्या हिश्शाने बारीक होतं. विंडोजमध्ये सगळं १२५ किंवा १५० टक्के मोठं करता येतं, पण मग ओळीत मावतं कमी. वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ अशा तुमच्या रकान्यांतला ‘निव्वळ’ पडद्याबाहेर गेला की तुम्ही लॅपटॉप बंद करून वही काढणार, हे मला आत्ताच दिसतंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण नको, त्यामुळे पडदा चकचकीत नको, मॅट घ्या. सोप्यात बसून काम करता तिथे दारातला उजेड थेट पडद्यावर येतो.

आता ‘आय-७’ प्रोसेसरच्या त्या सेकंडहँड लॅपटॉपबद्दल. ज्याने आणून दाखवला त्याचा हेतू वाईट नसेल, पण तो घेऊ नका. आय-७ म्हणजे आय-३ पेक्षा भारी, हे एकाच पिढीत खरं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मॉडेल आय-७ ७५००यू आहे, म्हणजे सातवी पिढी, आत दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोनच हात. बाराव्या पिढीच्या आय-३ १२१५यू मध्ये सहा आहेत. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या यंत्रावर तुम्ही बँकेचं खातं उघडणार, ते असं नको. नंबरामागचं अक्षरही बघा. ‘यू’ असला तर वीज कमी खातो, तापतो कमी. ‘एच’ जोरकस असतो, पण त्याचा पंखा घोंघावतो आणि बॅटरी लवकर उतरते. तुमच्या टॅलीतल्या जमाखर्चाला ‘एच’ म्हणजे भाजी आणायला ट्रक.

वाचवायचे तर पैसे प्रोसेसरमध्ये वाचवा, रॅममध्ये (एका वेळी उघडलेली कामं मावतात ती मेमरी) नको. ८ जीबीत चालेल, पण एक्सेल, टॅली, बँकेचं पान आणि आईचं व्हॉट्सअॅप एकदम उघडलं की धापा टाकेल. १६ मिळाली तर उत्तम. नाहीतर दुकानदाराला एवढंच विचारा, ‘रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का?’ काहींत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, मग पुढे वाढवता येत नाही. फायली साठवायची डिस्क एसएसडीच (फिरत्या तबकडीची नव्हे, चिपची) हवी, ५१२ जीबी पुष्कळ झाली.

आई, आता तुझं. बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा, तीही दोन गल्ल्या सोडून, म्हणून पावणेदोन किलोपर्यंत चालेल असं मी धरलंय. जड वाटलं तर सांग, बाबांसमोरच सांग. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तो लावून देते. ठरावाची वही तूच टाइप करशील, बाबांची वाट बघायला नको.

आणि गावभागातल्या घरात वजनाचा आणखी एक हिशेब असतो. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तू कागदांची ट्रंक माळ्यावर चढवलीस, आणि बाबांचा कॉम्प्युटर टेबलावर ठेवून आपण निघालो, टेबलापर्यंत पाणी येणार नाही म्हणून. त्यात बाबांच्या सगळ्या पट्ट्या गेल्या. लॅपटॉप काखेत मारून जिना चढता येतो हे खरं, पण मी त्याच्या भरवशावर नाही. फायलींची एक प्रत दर शनिवारी पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह ट्रंकेत. यासाठी आणि तुमच्या जुन्या प्रिंटरसाठी साधी, चौकोनी यूएसबीची दोन भोकं तरी हवीत. पातळ लॅपटॉपांत कधी कधी फक्त टाइप-सी असतं.

शनिवारी दुपारपर्यंत पोचते. तोपर्यंत कुणाला विसार देऊ नका, दुकानदार ‘ऑफर उद्या संपते’ म्हणाला तरी. जाताना वाचायचा चष्मा आणि गेल्या हंगामातल्या हळदीच्या हिशेबाची एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर घ्या. दुकानातच उघडू. पाच मिनिटं तुम्ही आकडे मारा, मी शेजारी उभी राहून नुसतं बघेन. आईने तेवढ्यात तो उचलून दुकानात एक फेरी मारायची.

दादाचा लॅपटॉप त्याला परत करा, तो मला रोज मेसेज करतोय.

तुमची,
ताई