लघवीचा रिपोर्ट स्वच्छ होता, तरीही

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं सिस्टर. ट्रान्सप्लान्ट कोऑर्डिनेटर म्हणजे कागदपत्रं आणि तारखा बघणारी बाई, असा आमच्या घरच्यांचा समज होता.

पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत पाण्याच्या पिशव्या (सिस्ट) होत जाण्याचा आजार, आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव लागावं तशी उतरली आहे. आई किंवा वडिलांना असली की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मला आणि धाकट्या भावाला, दोघांनाही आली. त्यामुळे त्याची किडनी घेण्याचा प्रश्नच नव्हता, बायकोने दिली.

ट्रान्सप्लान्टनंतर एका रात्री थंडी वाजून ताप भरला. बायकोने तुम्हाला फोन लावला, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "दुखतंय कुठे? नव्या किडनीवर की जुन्या?" जुन्या किडन्या काढून टाकतात असंच लोकांना वाटतं. तसं नसतं. फार त्रास नसेल तर त्या फुगलेल्या, सिस्टनी भरलेल्या, जागच्या जागी राहतात आणि नवी खाली ओटीपोटात एका बाजूला बसवतात. तिच्या संवेदना नेणाऱ्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून तिथे संसर्ग झाला तरी नेहमीसारखं दुखेलच असं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. मला दुखत होतं डाव्या कुशीत, वर. म्हणजे जुनीवर.

लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आला. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही मात्र अडून बसलात. सिस्ट बंद असते, आत जंतू अडकले तर ते लघवीत उतरतीलच असं नाही, आणि शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना ताप अंगावर काढायचा नसतो. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायला लावलंत. त्यात ई. कोलाय हा जंतू निघाला. पेट स्कॅनमध्ये डाव्या जुन्या किडनीतली एक सिस्ट उजळून दिसली.

पुढचं डॉक्टरांनी केलं, त्यांचे आभार वेगळे मानले आहेत. बरीच अँटिबायोटिक्स सिस्टच्या आत नीट पोचत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन पोचतं, आणि माझ्या जंतूवर ते चालत होतं. कित्येक आठवडे घ्यावं लागलं. टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणारी माझी गोळी) रक्तातली लेव्हल आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) कधी करायचं, याची आठवण तुमच्या मेसेजमुळे चुकली नाही. (तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, हे आता आमच्या शेजाऱ्यांनाही पाठ आहे.)

पण खरे आभार नंतरच्या प्रसंगाचे. वर्ष उलटल्यावर नेहमीच्या तपासणीत लघवीत जंतू दिसले. ताप नाही, जळजळ नाही, क्रिएटिनिन जागेवर. मी घाबरून गोळ्या मागत होतो. "तक्रार नसेल तर ट्रान्सप्लान्टनंतर इतक्या उशिरा नुसत्या जंतूंना औषध द्यायचं नाही, उद्या खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध चालणार नाही," असं म्हणालात आणि डॉक्टरांशी माझ्यासमोर बोलून खात्री करून दिलीत. तो रिपोर्ट लाल अक्षरांत होता, आधीचा स्वच्छ. घाबरायचं कधी, हे मला रिपोर्टवरून कधीच कळलं नसतं.

भावाचं क्रिएटिनिन आता वाढायला लागलंय. पुढच्या महिन्यात तो तुमच्या ओपीडीत येईल. फार कमी बोलतो. कुठे दुखतं ते त्याला दोनदा विचारा.

आपला,
तुमच्या यादीतला एक पेशंट