आरसा झाला बघ

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, "एवढी खटपट करण्यापेक्षा तयार दुर्बीण का नाही घेतली बे" असं विचारलंयस. दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये ते, म्हणून निवांत बसून लिहितोय, लांब होणार आहे, चहा घेऊनच वाच.

आधी बातमी. दुर्बिणीचा आरसा, आम्ही सगळ्यांनी हातानं घासलेला, झाला, पुण्याहून ॲल्युमिनियमचं कोटिंग करून आला, आणि दिवाळीनंतरच्या अमावस्येला आम्ही त्यातनं आकाश बघितलं पण! १२ इंची लका, १२ इंची. आपण कॉलेजात असताना त्या ६ इंचीला डोळा लावायला रांगेत उभं राहायचो आठवतं ना, त्याच्या चौपट उजेड गोळा करतो हा. नुसत्या डोळ्याच्या हिशोबानं धरलं तर जवळपास १९०० पट.

काच २५ मिलिमीटर जाड, साडेचार किलोची. खाली ड्रमवर टूल, म्हणजे ज्यावर काच घासायची तो प्लॅस्टरचा गोल ठोकळा, त्यात कुणाच्या तरी बाथरूमच्या उरलेल्या टाइल्सचे तुकडे बसवलेले. मधे कार्बोरंडमची, म्हणजे काच खरवडणारी कडक पूड आणि पाणी टाकायचं आणि काच त्यावर पुढंमागं घासत ड्रमभोवती फिरत राहायचं, बस. वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालचं टूल फुगीर, कारण काच पुढं सरकली की सगळा दाब तिच्या मधल्या भागावर आणि टूलच्या कडेवर येतो. एवढं घासून खोली किती, तर मधोमध पावणेचार मिलिमीटरच्या आसपास! फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून उजेड एकत्र येतो तिथवरचं अंतर, १५२५ मिमी, आरशाच्या रुंदीच्या पाचपट, त्यालाच एफ ५ म्हणतात.

आपल्यातले अण्णा, सोलापूरच्या पूर्व भागातले, आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते, त्यांनी दुर्बीण कधी हातात धरली नव्हती. पण ८० नंबरची जाड पूड टाकून घासायला लागलं की ते बाजूला बसून नुसत्या आवाजावरनं सांगायचे, "माल मेला आता, नवीन टाका." बघायला गेलं की खरंच पुडीचे दाणे चुरलेले असायचे. एक नंबर संपवून पुढचा घ्यायच्या आधी सगळं धुवावं लागतं, काच, ड्रम, बादल्या, नखं सुद्धा, कारण जाड पुडीचा एक दाणा बारीक पुडीत राहिला की काचेवर ओरखडा. आणि आपल्याकडं पाणी रोज थोडंच येतं, मग नळाला पाणी यायच्या दिवशीच पूड बदलायची असा नियमच करून टाकला.

पण खरा कस लागला तो पॉलिशला. पॉलिशला पिच लागतं, डांबरासारखं काळं, त्याचा थर टूलवर ओतून त्यात चौकोनी खाचा पाडायच्या आणि वर सेरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची बारीक पूड. हे पिच दगडासारखं कडक दिसतं पण आतून संथ वाहतच असतं, म्हणून तर ते काचेच्या आकाराला बसतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेलं सगळं त्यांच्या थंड तळघरांच्या हिशोबाचं, आणि इथं पारा ४३ वर! खाचा बघता बघता बुजायच्या आणि आरशाची कड खाली पडायची. आम्हाला हे शिकवणारे सर म्हणाले पिच आणखी कडक करू, मग मंद आचेवर उकळत ठेवून त्यातला टर्पेन्टाइनचा अंश उडवायचा, चमचाभर पाण्यात टाकून गार करायचं आणि अंगठ्याचं नख रोवून बघायचं किती रुततंय. सोलापूरच्या उन्हाला चालणारं पिच कुठं विकत मिळत नाही रे, ते नखानंच शोधावं लागतं. आणि काम फक्त पहाटे, ऊन चढायच्या आत.

आता तुला एक गोष्ट सांगतो, ती बघितल्यावर मला वाटलं हे सगळं केलं ते बरंच केलं. आरशाचा आकार तपासायची फूको टेस्ट, १८५८ सालची, फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची. अंधाऱ्या खोलीत आरसा उभा करायचा, तीन मीटरवर बारीक फटीमागं एलईडी, आणि परत येणारा उजेड ब्लेडच्या धारेनं कापत मागून बघायचं. आरशावर सावल्या पडतात आणि त्याचा उंचसखलपणा डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. सरांनी मला सांगितलं, काचेवर अंगठा टेकव आणि थोडा वेळ धर. उचलून बघितलं तर तिथं चक्क टेकाड उभं! नुसत्या अंगठ्याच्या उबेनं काच फुगली होती, आणि माझ्या डोळ्यादेखत ते टेकाड हळूहळू विरत गेलं. त्या दिवसापास्नं घासून झालं की तासभर तरी आरशाला कुणी हात लावायचा नाही, मगच टेस्ट. गोल आकारातनं पॅराबोला, म्हणजे सगळा उजेड एका बिंदूत आणणारा आकार, करायला कडेपर्यंत फरक किती, तर जेमतेम अडीच मायक्रॉन, केसाच्या जाडीपुढं काहीच नाही. तेवढ्यासाठी अख्खा श्रावण गेला. पण ती सावली जशी हवी तशी गोल उमटली तेव्हा खोलीत सगळे एकदम गप्प झाले, आणि अण्णांनी आरशाला हात जोडले.

तयार घेतली असती तर यातलं काय कळलं असतं सांग? आणि ती कुणा एकाच्या घरात राहिली असती. ही सगळ्यांची आहे.

सरांचं दैवत म्हणजे जॉन डॉब्सन. बीजिंगमधे १९१५ ला जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोला रामकृष्ण संघाच्या वेदान्त मठात संन्यासी म्हणून राहिलेला, जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून आरसे करायचा. पुढं मठ सोडावा लागला तर दुर्बीण सरळ फुटपाथवर लावून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायला लागला. आपल्या दुर्बिणीची बैठक त्याच्याच पद्धतीची, प्लायवूडची पेटी, सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे, एका बोटानं ढकललं की सरकते. वरच्या पाइपांना काळं कापड, ते अण्णांच्या घरच्यांनी शिवून दिलं. आरसा चादरीत गुंडाळून नेतो, आपल्याच सोलापुरी.

बार्शी रोडला नान्नजच्या अलीकडं एका मित्राचं रान आहे, तिथं लावली. देवयानी दीर्घिकेत काळा धुळीचा पट्टा दिसला, स्वतःच्या डोळ्यानं, फोटोत नाही. मग सरांनी दक्षिणेकडं वळवून एनजीसी २५३ नावाची दुसरी दीर्घिका दाखवली, लांबट, डागाळलेली, जवळपास चंद्राएवढी लांब. १७८३ मधे कॅरोलिन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञ बाईनं ती शोधली, ती पण भावानं घरी बनवलेल्या छोट्या दुर्बिणीतनं, आणि इंग्लंडातनं ती क्षितिजाला टेकलेली दिसते, आपल्याकडं चांगली ४५ अंशांच्या वर चढते. तो उजेड १ कोटीहून जास्त वर्षं चालत आलाय आणि पडला कशावर, तर आम्ही घासलेल्या काचेवर. मला बोलायलाच सुचेना बघ.

गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेला, येतोयस ना? चंद्र असला तर पार्क चौकात लावू, डॉब्सनसारखं, कुणीही यावं आणि बघावं. नसला तर रानात जाऊ, मृगातला तेजोमेघ बघून झाला की पहाटे पाचच्या सुमाराला दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी येतो, १७ हजार प्रकाशवर्षांवरचा ताऱ्यांचा पुंजका, तो या आरशात अजून आम्ही कुणीच बघितला नाहीये. स्वेटर जाड आण, रानात गारठा असतो. आणि तारीख लवकर कळव, टेम्पोवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं.

तुझाच