दोन काटकोनांबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

वारीचे प्रिंट तुम्ही परवा पाहिलेत, तेव्हापासून हे पत्र मनात आहे. हौशी फोटोवाल्याला आजवर दोनच प्रकारची मतं मिळत आली. एक म्हणजे 'मस्त', 'अप्रतिम' आणि एक अंगठा. दुसरं स्पर्धेच्या परीक्षकाचं. प्रिंट उचलायचा, 'दम नाही' म्हणायचं आणि पुढचा प्रिंट घ्यायचा. नेमकं काय नाही असं विचारलं, तर 'नजर तयार व्हावी लागते' हे उत्तर ठरलेलं. ती कशानं तयार होते, हे सांगायची तसदी त्यांच्यापैकी एकानंही घेतली नाही. तुम्ही घेतलीत.

रिंगणाचाच फोटो घ्या. माउलींचा अश्व धूसर आलाय, हे कुणालाही दिसतं. तुम्ही आधी विचारलंत, 'या फोटोत सगळ्यात रेखीव काय आहे?' मागचे टाळकरी रेखीव आणि घोडाच फरफटलेला, तर शटर मंद पडलं. टाळकरी, घोडा, जमीन सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं, तर हात हलला. घोडा फरफटलेला नाही, नुसता धूसर, पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागची पताका धारदार, तर फोकस चुकला. तिन्ही दोष वरवर सारखे दिसतात, पण तिन्हींवरचे उपाय वेगळे. 'ब्लर आहे' एवढंच ऐकून घरी गेलेला माणूस नवी लेन्स घ्यायला निघतो, आणि लेन्सचा तर काही दोषच नसतो.

मग कारणाच्या मुळाशी. आषाढातलं ढगाळ आभाळ, लेन्सचं छिद्र एफ ५.६, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनक्षमता, १०० वरच ठेवलेला. अशा उजेडात शटर जेमतेम १/१२५ सेकंदाचं मिळतं. दौडणाऱ्या घोड्याला १/१००० तरी हवं, म्हणजे तीन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे एकदा दुप्पट), म्हणजे आयएसओ ८००. ऑटो आयएसओ लावून किमान शटर १/१००० बांधून टाकलं की ऐन रिंगणात बटणांशी झटापट उरत नाही. वाढलेल्या आयएसओनं फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू देत. दाणे कमी करता येतात, फरफटलेला घोडा पुन्हा रेखीव करता येत नाही. वेगच दाखवायचा असेल, तर उलट १/६० वर उतरून घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायचा आणि क्लिक झाल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही. म्हणूनच 'काय दाखवायचं होतं?' हे विचारल्याशिवाय तुम्ही शटरवर बोलत नाही. आधीच्यांपैकी कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता.

दिवे घाटातल्या उन्हातल्या चेहऱ्यांचंही तसंच. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि टोपीखाली काळवंडलेले डोळे. चेहरा उजळायचा म्हणून एक्स्पोजर वाढवलं की टोपी पार उडते, म्हणजे पांढरीफटक होते, तिची वीण जाते आणि ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. तुमचा सल्ला साधा होता: रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, टोपी उडणार नाही इतपत एक्स्पोजर खाली घ्या, सावल्या घरी उचला. आणि त्याहून चांगलं म्हणजे घाटाच्या कड्याची सावली पडलेली जागा गाठून तिथं थांबा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांबही कॉम्प्युटरवर पुसत बसू नका, उभं राहतानाच एक पाऊल डावीकडे सरका. घरी काय दुरुस्त होतं आणि जागेवरच काय करायला हवं, हा फरक इतका स्वच्छ करून कुणी सांगितला नव्हता.

पण हे सगळं एकीकडे आणि तुमचे ते दोन काटकोन एकीकडे. काळ्या जाड कार्डपेपरचे, इंग्रजी 'एल'च्या आकाराचे, दोन इंच रुंद, ८×१२च्या प्रिंटला पुरतील असे एक बाजू १४ इंच आणि दुसरी १० इंच. ते प्रिंटवर ठेवून चौकट लहानमोठी करता येते, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. तुम्ही ते स्वतः ठेवले नाहीत. ज्याचा फोटो, त्याच्या हातात दिलेत. 'तूच सरकव. नको ते झाकलं गेलं की थांब.' आणि तो सरकवत असताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. फोटो त्याचाच राहिला. ज्याला आजवर नुसते गुण मिळाले, त्याच्यासाठी ही केवढी गोष्ट आहे, हे सांगताना आत्ताही गळा दाटतो.

त्यानंतर क्रॉपचा, म्हणजे फोटो कापून लहान करण्याचा, हिशोबही तुम्ही तिथंच दिलात. ६०००×४००० पिक्सेलची चौकट दोन्ही बाजूंनी निम्मी केली की ३०००×२००० उरते, २४ मेगापिक्सेलचे ६ होतात, आणि ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) प्रिंटची रुंदी १० इंचांवर येते. त्याहून जास्त कापावं लागत असेल, तर पुढच्या वेळी दोन पावलं पुढे.

तुम्ही प्रिंटच्या दर्शनी बाजूवर कधी पेन चालवलं नाहीत. मागे पेन्सिलनं लिहिलंत, आणि एका फोटोला एकच सुधारणा. पाच दोष दिसत असताना चार पोटात ठेवायला जाण लागते आणि समोरच्याबद्दल आदरही लागतो. कलेत काय, शाळेत काय, कचेरीत काय, शिकवणाऱ्यांकडे हा आदर असता, तर कितीतरी लोकांनी कॅमेरे कपाटात टाकले नसते.

ते काटकोन आता आमच्या गटात प्रत्येकानं कापून घेतले आहेत. पुढच्या खेपेला रिंगणाचे १/६० वरचे फोटो आणतो. त्यांतलं काय जमलं नाही, ते नेहमीसारखं सांगा.

मनापासून आभार.

आपला,
गटातला एक हौशी फोटोवाला